उषाजीजी आणि मंडळाचा चहा

एखाद्या डॉक्टरनं दारातून डोकं आत घालून विचारलं, "उषा मैडम, उस बच्चे का आईक्यू कितना आया?" की उषाजीजी चष्म्यावरून बघत म्हणायची, "क्यों, तौल के ले जाना है?" मग त्या बिचाऱ्याला आत येऊन बसावं लागायचं. आकडा मिळण्याआधी मुलाची सगळी हकिकत ऐकावी लागायची. तो कुणाशी खेळतो, पाणी स्वतः उठून पितो का, धाकट्या बहिणीला सांभाळतो का. आकडा अगदी शेवटी यायचा, तोही पुटपुटत, घरातली नको ती गोष्ट बाहेर सांगावी तसा. घाईतले डॉक्टर पुढे पुढे नुसता फोन करायला लागले. फोन ती उचलत नसे.

झाशीच्या ज्या रुग्णालयात मी कान तपासायचं काम करत होते, तिथे शेजारच्या खोलीत ती मानसशास्त्रज्ञ होती. मी साताऱ्याची. नवरा सरकारी कंपनीत इंजिनियर, म्हणून झाशीला आले. इथे मराठी ऐकायला मिळेल ती कंपनीच्या कॉलनीतच, असं धरून चालले होते. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतून एक जाडजूड बाई, साडीखाली खेळाचे बूट घातलेली, माझ्या दारात येऊन म्हणाली, "सातारच्या काय तुम्ही? आम्ही इथलेच. आमचे पूर्वज गुरसरायच्या जहागिरीत कारकुनीला आले, आणि परतायचं राहून गेलं." पेशवाईतली गोष्ट ती अशी सांगत होती की जणू कालची गाडी चुकली होती.

इकडे थोरल्या बहिणीला जीजी म्हणतात, म्हणून मीही तिला जीजी म्हणत अहोजाहो करायला लागले तर म्हणाली, "जीजी म्हणतेस आणि अहो कसलं?" तेव्हापासून ती जीजी आणि तू. तिची मराठी ऐकण्यासारखी होती. नगरा भागातल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरातलं स्वयंपाकघर एवढं लहान, की दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीनं बाहेरच थांबावं. त्याला ती 'मुदपाकखाना' म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात मला, "अंजू, ज़रा माचिस पकड़ा दे."

कामाच्या बाबतीत मात्र तिच्या शिस्तीपुढे कुणाचं चालत नसे. तिच्याकडे आलेलं प्रत्येक मूल ती पहिल्यांदा माझ्याकडे पाठवायची. आधी कान, मग डोळे, मग थायरॉइडसाठी रक्त, आणि मग मी, असा तिचा क्रम. "ऐकूच येत नसेल तर मी काय विचारणार आणि तो काय सांगणार?" असं म्हणायची. शाळेनं 'मंदबुद्धी' ठरवलेली काही मुलं माझ्याच खोलीतून कानाला यंत्र लावून परत गेली, तिच्यापर्यंत पोचलीच नाहीत. त्या दिवशी ती खुशीत असायची. 'मंदबुद्धी' हा शब्द मात्र तिच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. बौद्धिक अक्षमता म्हणा, नाहीतर सरळ मुलाचं नाव घ्या, त्याला आईबापांनी नाव ठेवलंय, असं ती सुनावायची.

पहिल्या दिवशी ती चाचणीची पेटी उघडतच नसे. मुलाला खोलीत मोकळं सोडायची आणि आपण फुटाणे खात बसायची. पुडी मुद्दाम त्याच्यापासून जरा लांब. मूल मागतं का, शब्दानं मागतं की खुणेनं, स्वतः उठून घेतं का, घेतल्यावर आईला देतं का, हे सगळं ती फुटाणे चावता चावता बघायची. आई मनात म्हणत असणार, ही बाई काम कधी करणार. बाहेर रांग वाढत जायची आणि रांगेतली माणसं माझ्या दारावर थापा मारायची, कारण तिच्या दारावर मारायची हिंमत नसे. मी एकदा वैतागून तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "घाबरलेल्या मुलाची चाचणी घेतली, तर भीतीच मोजून होते. ती तर मला न मोजताही दिसते." आणि मला फुटाणे दिले.

मोंठकडच्या एका गावाहून एकदा एक सासरा आपल्या सुनेला घेऊन आला. कुठूनतरी केलेली तपासणी त्याच्याजवळ होती, आणि त्याला पक्का दाखला हवा होता. सून बिनडोक आहे असं एकदा ठरलं की तिला माहेरी पाठवायची आणि मुलाचं दुसरं लग्न करायचं, असा बेत. आधीच्या तपासणीत लिहिलेलं होतं, 'पतीचं नाव सांगू शकत नाही'. जीजीनं ते वाचलं आणि हसत सुटली.

"कक्का," ती सासऱ्याला त्याच्या बुंदेलीत म्हणाली, "तुमाई अम्मा ने कभऊँ तुमाए पिताजी को नाम लओ?"

"राम राम. ऐसो कौन करत?"

"तो जा कैसें ले ले?" म्हणजे, मग हिनं तरी कसं घ्यावं?

मग सासऱ्याला चहाच्या टपरीवर पाठवलं, दार लावलं, आणि डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून बसलेल्या त्या मुलीसमोर फुटाण्यांची पुडी ठेवली. मुलगी हिशेबात कच्चीच होती. नवीन गोष्ट तिला पुन्हा पुन्हा सांगावी लागायची. सौम्य अक्षमता होती, आणि जीजीनं तसं स्पष्ट लिहिलंही. लपवाछपवी तिला मान्य नव्हती. पण पुढे तिनं असंही लिहिलं की ही जनावरांचं सगळं बघते, चार माणसांचा स्वयंपाक करते, तान्ह्या बाळाला सांभाळते, आणि हिला मदत लागेल ती बाजारात आणि दवाखान्यात. सासरा कागद उलटासुलटा करत राहिला. त्याला हवं होतं ते त्यात नव्हतं.

ही दुसरी बाजू जीजीच्या दृष्टीनं खरी महत्त्वाची. कोड्यांची, चित्रांची चाचणी मुलाची घ्यायची. पण रोजचं जगणं त्याला कितपत जमतं, हे घरच्यांना विचारून ठरवायचं असतं. शर्ट घालतो का, जेवतो कसा, दुकानातून काही आणतो का. आणि इथेच आया फसतात. बुंदेलखंडात अशा मुलाला 'भोला' म्हणतात. भोल्याला कुणी कामाला हात लावू देत नाही. त्याला आधी वाढायचं, त्याला न्हाऊ घालायचं, त्याची चप्पलसुद्धा दुसऱ्यानं पायात सरकवायची. मग आई प्रामाणिकपणे सांगते, याला काहीच येत नाही. जीजी अशा वेळी खुर्ची पुढे ओढायची आणि एकच विचारायची, "काए बिन्नू, मोड़ा से होत नइयाँ, कि तुम करन नईं देतीं?" पोराला जमत नाही, की तुम्हीच करू देत नाही? त्यावर बाई म्हणे, याची गोष्ट वेगळी आहे. हे कितीतरी बायकांच्या तोंडून मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे.

आता तिच्या घरचं.

जीजीचा धाकटा भाऊ मधू. पन्नाशी उलटलेली, केस पिकलेले, चेहरा गोल आणि हसरा. लहानपणापासून बौद्धिक अक्षमता. आई गेल्यावर तो जीजीच्या पदरात आला. म्हणजे आधीही होताच, मग पूर्णच आला. लग्नाचं कुणी काढलं तर ती म्हणायची, "दोघांसाठी एक स्थळ शोधत होते. कुणी तयार झालं नाही." यावर समोरच्यानं हसावं की नाही, हे त्याला कळत नसे. ती स्वतः हसायची.

मी त्यांच्याकडे जायची तेव्हा बघत बसायची. जीजी मधूच्या शर्टाची बटणं लावतेय आणि मधू हनुवटी वर करून, छताकडे बघत माझ्याशी गप्पा मारतोय. त्याच्या पोळीचे तुकडे ती करणार. चहा बशीत ओतणार आणि वर फुंकरही तीच घालणार. एकदा न राहवून मी म्हटलं, "जीजी, याला येत नाही, की तू करू देत नाहीस?"

"तू कान बघ," जीजी म्हणाली. विषय संपला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण खरी गंमत मला पुढे कळली. शहरातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी भजन असायचं. जुनी घराणी, कंपनीतले आमच्यासारखे बदलीवाले, आणि मराठी समजणारी पण हिंदीत उत्तर देणारी त्यांची पोरं, असा सगळा मेळा. जीजी पुढे पेटीवर. तिच्या गाण्यात सुरापेक्षा जोर जास्त, पण तिला थांबवणार कोण? भजनानंतर चहा. तो चहा मागच्या स्वयंपाकघरात मंडळातल्या वयस्कर शांताकाकू करतात असं मीही धरून चालले होते. एका रविवारी पाणी प्यायला मागे गेले तर शांताकाकू स्टुलावर वारा घेत बसलेल्या, आणि शेगडीपुढे मधू. पातेल्यात आलं घालत होता.

"दमा आहे ना मला," शांताकाकू म्हणाल्या. "हाच करतो. आधी कप पुसायचा, मग आलं ठेचायला लागला, मग म्हटलं बघू. आता मला हात लावू देत नाही." मग आवाज खाली आणून, "उषाला बोलू नकोस हं."

मधूला मोजता येत नाही. तो दाराबाहेर जाऊन चपला बघून यायचा, एकेक जोडी बघून मनाशी म्हणायचा, हे जोशीकाका, ही अंजूदीदी, आणि परत येऊन माणसागणिक कप मांडायचा. कप कधी कमी पडला नाही. सगळ्या मंडळाला हे माहीत होतं. फक्त एका माणसाला सांगायचं नव्हतं, कारण जो सांगेल तो आधी बोलणी खाईल. भजन संपायच्या बेताला जीजी पाणी प्यायला उठली की कुणीतरी चटकन नवीन अभंग सुरू करायचं, आणि पेटी सोडून जाणं तिच्या जिवावर यायचं. मग चहाचा पहिला घोट घेऊन ती दर रविवारी म्हणायची, "शांताकाकूंच्या हाताला चव आहे." झाशीतल्या मराठी माणसांचं दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर एकमत झालेलं मला आठवत नाही. या एका गोष्टीवर ते वर्षानुवर्षं टिकलं.

जीजीची निवृत्ती जवळ आली. गुडघे गेले होते, त्यात हृदयाचे ठोके चुकायला लागले. 'हमारे बाद इसका क्या होगा' हा प्रश्न तिच्या खोलीत प्रत्येक आईनं विचारलेला, आणि प्रत्येकीला तिनं धीर दिलेला. आता तो तिच्या घरी येऊन बसला. तिनं ग्वाल्हेरजवळचं, अशा माणसांसाठीचं एक वसतिगृह पाहून ठेवलं. चांगलं होतं, बाग होती, माणसं मायेची होती. मधूचं नवं मूल्यमापन झालं की जागा पक्की. 'पूर्ण वेळ देखभाल लागते' असं त्यात येणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

मधूला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी नाही जाणार. माझं रविवारी काम असतं."

"भजन तिकडेही असतं रे," जीजी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मधूनं आपल्या चपला लपवायला सुरुवात केली. चपलांशिवाय कुणाला गावाला नेत नाहीत, असा त्याचा हिशेब. जीजी त्या पलंगाखालून, पिठाच्या डब्यामागून शोधून काढायची, आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायची. "मी याला टाकतेय का गं, अंजू?" असं तिनं मला एकदा विचारलं. मधूला घर सोडायचं नव्हतं, आणि तिलाही त्याला सोडायचं नव्हतं. पण ती गेल्यावर तो उपाशी मरेल, ही भीती तिला झोपू देत नव्हती.

स्वतःच्या भावाची चाचणी स्वतः घेता येत नाही. ती आकांक्षानं घ्यायची ठरली. ही जीजीच्याच हाताखाली शिकलेली, झाशीचीच मुलगी, हिंदी बोलणारी. मधूला मराठी जास्त कळते म्हणून दुभाषी मी. हे जीजीनंच ठरवलं. माणसाची परीक्षा त्याच्या भाषेत व्हायला पाहिजे, हा तिचा जुना हट्ट. आकांक्षानं पहिले दोन दिवस चाचणीची पेटी उघडली नाही. गुरूची विद्या तिनं पुरेपूर उचललेली होती. नंतर कोडी झाली, चित्रं झाली. मधूला त्यातलं थोडंच जमलं. आणि मग जीजीला समोर बसवून रोजच्या जगण्याचे प्रश्न सुरू झाले. मधू माझ्या शेजारी बसला होता.

"मैडम, भैया कपड़े ख़ुद पहन लेते हैं?"

"नहीं। बटन मैं लगाती हूँ।"

"नहाना?"

"पानी मैं निकाल के देती हूँ।"

"चाय-वाय बना लेते हैं?"

"गैस के पास मैं जाने ही नहीं देती।"

आकांक्षाचं पेन थांबलं. तिचे कान लाल झाले. "मैडम," ती हळूच म्हणाली, "उनसे होता नहीं, या आप..."

"मधू की बात अलग है," जीजी म्हणाली. भिंतीपलीकडून इतक्या बायकांना हेच म्हणताना मी ऐकलं होतं.

मधू एवढा वेळ माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "येतो मला."

"काय येतो?"

"चहा. आलं घालून."

"नाही रे राजा. तुला नाही येत."

"तूच म्हणतेस चव आहे," मधू म्हणाला. "रविवारी."

जीजीनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. "कुणाकुणाला माहीत आहे?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना, जीजी."

ती उठून बाहेर गेली. आकांक्षानं पेन ठेवलं आणि म्हणाली, एका माणसाच्या सांगण्यावर मी पुढचं लिहिणार नाही. रविवारी ती मंडळात येऊन स्वतः बघणार होती.

रविवारपर्यंत जीजी आमच्यापैकी कुणाशी बोलली नाही. मला वाटलं ती भजनालाही येणार नाही. आली. पेटीकडे गेलीच नाही. सरळ मागे जाऊन शांताकाकूंच्या शेजारी स्टुलावर बसली. पुढे पेटीशिवाय भजन कसंबसं चाललं होतं, पण सगळ्यांचं लक्ष मागे. मधू बाहेर जाऊन चपला बघून आला. आकांक्षाचे सँडल नवीन होते, त्यांच्यापाशी जरा थांबला. परत येऊन त्यानं कप मांडले. आलं ठेचलं. लायटर हातात घेतला तशी जीजी अर्धी उठली. शांताकाकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बस गं."

ज्योत पेटली. दूध वर आलं तेव्हा मधूनं गॅस बारीक केला, मग बंद केला, बटण फिरलं ना हे पुन्हा बघितलं, फडक्यानं पातेलं धरून गाळलं. थोडा चहा ओट्यावर सांडला तो पुसला. पहिला कप जीजीला दिला. तिनं घोट घेतला.

"साखर जास्त आहे," ती म्हणाली, आणि रडायला लागली. बरीच वर्षं साठलेलं असावं. मधू घाबरून तिचा कप परत घ्यायला लागला तर तिनं तो दिला नाही. मला आयुष्यात इतकं बरं फार कमी वेळा वाटलंय.

आकांक्षानं जे खरं ते लिहिलं. मधूची अक्षमता मध्यम आहे. घड्याळ कळत नाही, वाचता येत नाही, अनोळखी माणसापुढे तो गांगरतो, कुठे दुखतंय ते नीट सांगत नाही. पैसे आणि औषधं दुसऱ्यानं बघायला हवीत, रोज कुणीतरी डोकावायला हवं. पण ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसांत तो राहू शकतो, आणि अजून पुष्कळ शिकू शकतो. जीजीनं ते वाचलं, दोन वाक्यांची रचना चुकली म्हणून आकांक्षाला परत लिहायला लावलं, आणि ग्वाल्हेरला फोन करून नको म्हणून कळवलं. डोकावायचं शांताकाकूंच्या सुनेनं आणि शेजारच्या शुक्लाजींनी आपणहून वाटून घेतलं.

त्यानंतर घरी शिकवणी सुरू झाली. शेकडो आयांना जे तिनं सांगितलं, ते तिला स्वतःला फार जड गेलं. मधू बटणं लावायला लागला की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, नाहीतर हात पुढे जायचे. एखाद्या दिवशी एक बटण चुकायचं आणि तो कॉलर एका बाजूनं वर चढलेल्या शर्टात दिवसभर फिरायचा. तीही तसंच फिरू द्यायची. मंडळातल्या लोकांना मात्र तिनं बरेच दिवस माफ केलं नाही. चहा पिताना प्रत्येकाकडे रोखून बघायची.

माझे यजमान निवृत्त झाले आणि आम्ही साताऱ्याला परतायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी नगऱ्यात तिचा निरोप घ्यायला गेले. गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. जीजी बाहेरच्या खोलीत पलंगावर पाय लांब करून बसली होती. मधू घरात नव्हता. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला एकटा गेला होता. बोलता बोलता तिचं लक्ष सारखं दाराकडे जात होतं. त्याला उशीर झालासा वाटला. मी म्हटलं, जाऊन बघून येऊ का?

"बस," ती म्हणाली. "जाऊ नकोस." आणि चादरीचं टोक मुठीत धरून बसली.

मधू आला. घामाघूम. हातात पुदिन्याची जुडी. जीजीनं तोंड उघडलं, मग म्हणाली, "ताजा आहे."

निघताना मी तिच्या पाया पडले. तिनं माझा कान धरून हलवला, तिला तेवढंच जमायचं. मी बाहेर येऊन पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात उघड्या खिडकीतून तिचा आवाज आला, "मधू, पायाखालची उशी सरकली रे. जरा नीट करून दे."

"थांब की जीजी," मधू आतून म्हणाला. "आत्ताच आलोय बाजारातून. दमलोय मी. पाणी पिऊन देतो."

मी खिडकीतून आत बघितलं. जीजीला हात लांबवून ती उशी स्वतः ओढता आली असती. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, चेहरा हसू आवरून धरलेला, आणि ती थांबली होती.